पडद्याच्या कोपऱ्यातली तिथी

पहिला महिना, सतरा

कंदिलांचा सण संपला. उधाण मोठं होतं, दुपारपर्यंत कालवांच्या बांबूंच्या रांगांवरच होतो. जेवून संगणकापुढे बसलो. पडद्याच्या कोपऱ्यात तिथी आणि चंद्राची कला दाखवणारं एक छोटं चित्र मिळतं असं कळलं होतं. ते लावलं. ‘सोबत आणखी दोनशे बारा गोष्टी येतील, चालेल?’ असं संगणकाने विचारलं. चालेल म्हटलं. बराच वेळ काहीबाही उतरत राहिलं. आता कोपऱ्यात पांढरा चंद्र आहे, उजवीकडून किंचित झिजलेला.

सिऊ-किम म्हणाली, “खिडकी उघडा की. फुकटात दिसतो!”

बायकोला काय सांगणार.

दुसरा महिना, बारा

धाकटा भाऊ आ-बिंग आला. दोन पिशव्या आणि एक भात शिजवायचं भांडं, तेवीस वर्षांचा संसार एवढाच. ताओयुआनचा कारखाना नववर्षानंतर उघडलाच नाही. आईने त्याला दारातच दंडाला धरून पाहिलं. म्हणाली, “वाळलास.” तो म्हणाला, “आई, पंधरा किलो वाढलोय.” “म्हणजे आतून वाळलास,” आई म्हणाली. ऐंशी वर्षांची झाली, हार मानत नाही.

पश्चिमेची खोली त्याला दिली. तिथला संगणक मधल्या खोलीत आणला, पूर्वजांच्या पाटीशेजारी, पंचांगाखाली. आ-बिंगने प्लग ओढला. मी म्हटलं, “अरे, तसाच?” तो म्हणाला, “झोपलेलाच होता ना, दादा.” खरं आहे. नववर्षापासून मी तो बंद केलेलाच नाही, नुसता झोपवतो.

पूर्वजांपुढे उदबत्ती लावून तो फार वेळ उभा राहिला. मी बाहेर आलो. आठ वर्षांपूर्वी ज्या दिवशी त्याने तिथे उभं राहायला हवं होतं, त्या दिवशी तो नव्हता. हे मनातून जात नाही. जावं म्हणून प्रार्थना करतो, तरी जात नाही.

दुसरा महिना, तेरा

संगणक सुरू केला. हा माझा नाही!

खालची पट्टी वर गेली आहे. डाव्या कोपऱ्यातलं बटण नाही. चित्रं मोठी, गोल, निळी. माझ्या फायली आहेत, पण दुसऱ्याच्या घरात ठेवल्यासारख्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आमची अक्षरं उमटत नाहीत. दोन बटणं एकत्र दाबली की आमच्या लिपीवर जायचं, ते होत नाही. दाबतो, नुसती रोमन अक्षरं येतात. स्वतःचं नावसुद्धा लिहिता येईना.

आ-बिंग पेज खात होता. मागून वाकून म्हणाला, “दुसरा डेस्कटॉप वर आलाय. बघू?” मी म्हटलं, “राहू दे.” त्याने पेजेतलं रताळं चमच्याने दाबलं.

दुसरा महिना, पंधरा

देवळात पौर्णिमेची पूजा. स्याव आजोबा देवळाचे प्रमुख, त्र्याऐंशीचे, आवाज मात्र बंदरापर्यंत जातो. सगळ्यांसमोर विचारलं, “आ-तेक, यादी कुठवर आली?”

समुद्रदेवी मात्सू मातेचा जन्मदिवस तिसऱ्या महिन्याच्या तेवीसला. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घराची नावं तिच्यापुढे मोठ्याने वाचायची. आधी संगणकात यादी, मग आजोबा ती पिवळ्या कागदावर कुंचल्याने उतरवतात, त्यांना आठ दिवस लागतात. म्हणजे पंधरापर्यंत त्यांच्या हातात हवी. दहा वर्षं हे काम माझ्याकडे आहे. कोण वारलं, कोणाची सून आली, कोण परदेशी जहाजावर गेलं. ज्याचं नाव वाचलं नाही, त्याच्याकडे वर्षभर माता कशी पाहील? लोक असं मानतात. मीही मानतो.

म्हटलं, “होतेय.”

घरी येऊन कांग बाईंना फोन केला. गावच्या शाळेत मी शिकलो, तिथल्याच या बाई. शाळेने टाकून दिलेला हा संगणक त्यांनीच मला दिला, फुकटची प्रणाली घालून. म्हणाल्या, “कधीपासून बिघडलंय?” म्हटलं, “तेरापासून.” “म्हणजे कालपासून? अहो, आज चौदाच आहे!” मग म्हटलं, दोन दिवस झाले. शाळेत कागदी, सरकारी तारीख, माझ्याकडे तिथी, हे आमचं नेहमीचंच. भरती-ओहोटी तिथीने येते. कालवांना कागदी तारीख कळत नाही, आणि माझ्या डोक्यातही ती टिकत नाही.

बाई म्हणाल्या, “तुमच्या मशीनवर दोन डेस्कटॉप बसलेत. एका घरात दोन सासवा. नाव टाकून आत शिरता तिथे कोपऱ्यात एक चक्र असेल. ते दाबून जुना निवडा.”

दुसरा महिना, सोळा

चक्र सापडलं. जुना निवडला. पट्टी खाली आली आणि मला रडूच यायचं बाकी राहिलं. पण वरची पट्टीही गेली नाही! दोन पट्ट्या, दोन घड्याळं, आवाजाची दोन बटणं. एकाने आवाज वाढवला की दुसरं कमी करतं. अक्षरांचंही तेच. आमची लिपी उमटवणारे दोन कारकून आत बसले आहेत, एक जुन्याचा, एक नव्याचा. मी एक अक्षर मागितलं की दोघंही हात पुढे करतात आणि कागद कोणीच देत नाही.

संध्याकाळी बंद करून परत लावला. नाव, परवलीचा शब्द, पडदा क्षणभर काळा, आणि पुन्हा नाव विचारतो. पुन्हा टाकलं. पुन्हा काळा. पुन्हा नाव. देवळाभोवती फिरावं आणि दार सापडू नये तसं.

आ-बिंग अंगणात आईसोबत कालवं फोडत बसला होता. तेवीस वर्षांत सुरी धरायचं विसरला नाही. आई म्हणत होती, “जरा हळू, शिंपल्याचे तुकडे जातात आत.” तो म्हणाला, “गिऱ्हाइकाला दात आहेत की नाही ते कळू दे की!” आई हसली. फार दिवसांनी हसली.

दुसरा महिना, अठरा

आज कांग बाईंनी एक नोंदवही बघायला शिकवलं. संगणक स्वतःच ठेवतो ती, कोणती गोष्ट कधी आत आली, सगळं. पडदा काळा असतानाच तीन बटणं एकदम दाबली की नुसत्या अक्षरांचं पान येतं, तिथून ती वाचता येते. बाई फोनवर एकेक अक्षर सांगत गेल्या. “सगळ्यात मोठा ढीग जिथे दिसेल तिथली तारीख बघा. दुसरा डेस्कटॉप त्या दिवशी आलाय.”

सगळं रोमन. मला आकडे तेवढे कळतात. मोठा ढीग सापडला, पडदाभर. वर साल, आणि पुढे ०२-१४.

दुसरा महिना, चौदा.

आ-बिंग आला बाराला. चौदाला मी ओहोटीला रांगांवर होतो. घरी तो होता, आणि आई.

बाईंना नुसतं ‘सापडलं’ म्हटलं. फोन ठेवला.

विचारलं असतं तर दिलं नसतं का मी? संगणकच काय, खोली दिली, ताट दिलं. पण न विचारता हात घालायचा, बिघडवायचं, आणि वर मागे उभं राहून ‘बघू?’ म्हणायचं!

संध्याकाळी तो जवळ आला. “दादा, दहा मिनिटं दे मला. मी तिकडे हेच करत होतो.”

“हात लावू नकोस,” मी म्हटलं.

“बरं.”

दुसरा महिना, एकोणीस

झालं ते लिहितो. लिहायला नको वाटतं, म्हणूनच लिहितो.

देवळाच्या अंगणात पालखी धुवायला सगळे जमले होते. वीस-पंचवीस माणसं. आईलाही तिचं बुटकं स्टूल घेऊन आणलं होतं. आ-बिंग पालखीच्या दांड्याखाली झोपून नारळाच्या काथ्याने घासत होता. स्याव आजोबांनी यादीचं विचारलं. मी सांगितलं, संगणक बिघडलाय. कोणीतरी हसून म्हणालं, “अरे, कारखान्यातला इंजिनियर घरी आलाय ना तुझ्या? त्याला सांग!”

आणि मी बोललो. “त्यानेच बिघडवलाय. आल्यापासून दोन दिवसांत. नोंद आहे माझ्याकडे.” इथेही थांबलो नाही. म्हणालो, “त्याला काही नीट ठेवता येतं का? वडिलांचा दिवससुद्धा ठेवता आला नाही.”

पाण्याचा नळ कोणीतरी बंद केला. म्हणजे आवाज एकदम थांबला म्हणून कळलं.

आ-बिंग पालखीखालून सरकून बाहेर आला. अंगभर पाणी. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ओरडेल. तो म्हणाला, “दादा, तू कोणती नोंद पाहिलीस?” मी म्हटलं, “तारखेसकट. चौदा.” त्याने थोडा विचार केला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग आईकडे बघितलं, स्याव आजोबांकडे बघितलं. म्हणाला, “असेल. माझंच चुकलं असेल.” आणि पुन्हा दांड्याखाली गेला.

घरी येताना आई स्टूल माझ्या हातात देईना. स्वतः उचलून चालली.

दुसरा महिना, वीस

सकाळी देवळात एकटा गेलो. अर्धचंद्राकार लाकडी फाशांची जोडी धुरावर फिरवली आणि विचारलं, “माते, हे काम आ-बिंगचंच ना?”

टाकले. दोन्ही सपाट बाजू वर. म्हणजे ती हसते आहे.

प्रश्न नीट विचारला नाही असं समजून नाव, गाव, जन्मतिथी सांगून पुन्हा विचारलं. हसू. तिसऱ्यांदा, हसू.

हो असेल तर एक सपाट एक पालथा पडतो. नाही असेल तर दोन्ही पालथे. तीनदा हसली! पन्नाशीच्या माणसाला.

वडिलांचंही लिहून ठेवतो. माणूस गेल्यावर वर्षभर त्याचं उदबत्त्यांचं पात्र वेगळं असतं. मग दिवस काढून त्यातली चिमूटभर राख पूर्वजांच्या मोठ्या पात्रात मिसळायची, पाटीवर नाव चढवायचं. तेव्हा तो घरच्या देवांत जातो. मुलगे दोघंही लागतात. पंचांगवाल्याने दिवस काढून दिला, मी आ-बिंगला पत्र पाठवलं. त्या दिवशी दुपारपर्यंत थांबलो. फोन केला. कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत, लागला नाही. शेवटी एकट्याने राख मिसळली. महिना उलटून गेल्यावर हा आला! नवा सदरा घालून, हातात पपनसांची पेटी. मी म्हटलं, “झालं सगळं.” आणि ओहोटीला निघून गेलो. परत आलो तर तो गेला होता. पेटी पाटीपुढे होती. पपनसं कोणी खाल्ली ते आठवत नाही. मी खाल्लं नाही.

दुसरा महिना, बावीस

मीच करायचं ठरवलं. नवा डेस्कटॉप काढून टाकायचा, मुळापासून. बाईंना विचारलं नाही, त्या म्हणाल्या असत्या थांबा. काळ्या पानावरून काढायची आज्ञा दिली. ‘याच्यासोबत अमुक गोष्टीही जातील, चालेल?’

चालेल म्हटलं.

आता काहीच नाही. नाव विचारणारा पडदाही नाही. काळं पान, वर डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ. लुकलुकते. तीन बटणांनी येणारं पानही येत नाही. दोनशे चार घरांची नावं त्या रेघेच्या मागे आहेत.

दुसरा महिना, तेवीस

भांगाची ओहोटी, पाणी सरतच नाही. रेघ लुकलुकते. सिऊ-किमने त्यावर टेबलक्लॉथ टाकला. “प्रेताकडे बघावं तसं बघत बसू नका त्याकडे.”

दुसरा महिना, पंचवीस

पहाटेच रांगांवर गेलो. मधली ओळ वादळी वाऱ्याने कलली आहे, बांबू बदलावे लागतील. दहा वाजता परत आलो तर संगणक सुरू होता.

खालची पट्टी खाली. एकच घड्याळ, आवाजाचं एकच बटण. दोन बटणं एकत्र दाबली, आमची अक्षरं आली. पहिलं अक्षर उमटलं तेव्हा मी खुर्चीत बसलोही नव्हतो. कोपऱ्यात चंद्र, बारीक, डावीकडे कोर.

पश्चिमेच्या खोलीत अंथरूण घडी करून ठेवलेलं. भात शिजवायचं भांडं नाही.

आई म्हणाली, “मासळीच्या ट्रकने गेला. बर्फ भरत होते तेव्हाच.” मी विचारलं, “काही बोलला?” “जेवून गेला,” आई म्हणाली. 

कळफलकाखाली कागद ठेवला होता. त्याचं अक्षर अजून शाळेतल्यासारखं, चौकोनी.

‘दादा, नव्या डेस्कटॉपचं उरलेलं काढलं, जाताना त्याने नेलेलं जुन्याचं सामान परत बसवलं. अक्षरं उमटवणारी एकच सोय ठेवली. तुझ्या खात्यातल्या लपलेल्या फायलींत दोघांच्या सवयी मिसळल्या होत्या, त्या वेगळ्या केल्या. यादीला हात लावला नाही. चंद्र ठेवला आहे. तो तुला हवा होता ना.’

चंद्र मी लावला हे याला कोणी सांगितलं? सिऊ-किमने सांगितलं असेल.

दुसरा महिना, सत्तावीस

यादी. एकशे साठ घरं झाली.

तिसरा महिना, दोन

दोनशे तीन घरं झाली. आमचं शेवटी ठेवलं होतं. आई, मी, सिऊ-किम. पुढे आ-बिंगची जागा. बाहेरगावी असतानाही दर वर्षी त्याचं नाव घालत होतो, आठ वर्षांपूर्वीपासून घातलं नाही. या वर्षी घालायचं मनात होतं. पंचवीसला गेला नसता तर घातलंच असतं.

जागा रिकामी सोडली आहे.

सिऊ-किम मागे उभी होती. “लिहा की.” म्हटलं, “राहतच नाही तो इथे.” ती म्हणाली, “जहाजावरच्यांची नावं लिहिता. ते कुठे राहतात इथे?” मी फाईल बंद केली. “तुम्ही ना, देवाला सगळं सांगता आणि माणसाला काही नाही,” म्हणाली आणि जाळी वाळत घालायला गेली.

तिसरा महिना, सात

थडगी साफ करायचा दिवस. आम्ही निघालो तेव्हा दव होतं. विळे, पाणी, पिवळे कागद, आईचं स्टूल.

वडिलांच्या थडग्यावरचं गवत कापलेलं होतं. ताजं. कडेला पिवळे कागद दगडाखाली दाबलेले, ओळीत, दवाने ओले. आमच्या आधी कोणीतरी येऊन गेलं. आई वाकली, एका कागदावर हात ठेवला आणि म्हणाली, “त्याने वडिलांचा दिवस ठेवला.”

मला वाटलं, जमिनीत जावं. पण तेवढंच नव्हतं.

घरी येऊन पंचांगाचं पान फाडलं. आमचं पंचांग असं आहे, वर कागदी तारीख मोठ्या आकड्यात, खाली तिथी बारीक. मी बारीकच वाचतो. आज वर पाहिलं, कारण हा एक सण सूर्याने चालतो, तिथी दर वर्षी मागेपुढे होते. वर ४/४. खाली तिसरा महिना, सात. सहज मान वळली. संगणक शेजारीच. घड्याळाजवळ आकडे ०४-०४. आणि त्याच्या बाजूला माझा चंद्र, तिसरा महिना, सात.

किती वेळ उभा होतो कोण जाणे. सिऊ-किम म्हणाली, “काय झालं? हात धुवा, जेवायला बसा.”

संगणक कागदी तारखेने चालतो. नोंदवहीही त्याचीच. ०२-१४ म्हणजे आमच्या दुसऱ्या महिन्याची चौदा नव्हे. फाडलेली पानं मी पाठकोरी म्हणून गठ्ठ्यात ठेवतो. गठ्ठा काढला, एकेक उलटत मागे गेलो. कागदी तारीख, फेब्रुवारीची चौदा. खाली बारीक अक्षरात, पहिला महिना, सतरा.

ही वही उघडली. पहिला महिना, सतरा.

‘सोबत आणखी दोनशे बारा गोष्टी येतील, चालेल? चालेल म्हटलं.’

आ-बिंग तेव्हा ताओयुआनला होता. तेराला बिघडलेलं चौदाला कोणी कसं बिघडवेल, एवढंही मला सुचलं नव्हतं. त्या दोनशे बारांत दुसरा डेस्कटॉप होता, आणि संगणक बंदच केला नव्हता म्हणून तो पंचवीस दिवस आत गप्प बसून राहिला. प्लग निघाला तेव्हा बाहेर आला. मीच आणला. चंद्रासाठी.

माता तीनदा का हसली ते कळलं.

जेवलो नाही.

तिसरा महिना, आठ

फोन केला. पाच वेळा वाजून थांबला. सहाव्याला त्याने उचलला. मागे गाड्यांचा आवाज होता.

म्हटलं, “आ-बिंग, ते तू नाही केलंस.”

“हो.”

“तुला माहीत होतं?”

“पालखीखाली होतो तेव्हाच कळलं. चौदा म्हणालास ना. तू कधी कागदी तारीख वाचलीस, दादा? नंतर मशीन उघडल्यावर खात्रीच झाली. ढिगाच्या सुरुवातीला चंद्राचंच नाव होतं.”

“मग तिथेच बोलला का नाहीस?”

मागचा ट्रक त्याने जाऊ दिला. मग म्हणाला, “काय बोलू? पंचवीस माणसं, आई स्टुलावर, स्याव आजोबा. सगळ्यांसमोर म्हणू, माझ्या मोठ्या भावाला तारीख कळत नाही? यादी तुझ्याकडे आहे. उद्या लोक म्हणाले असते, आ-तेकच्या यादीत नावं तरी बरोबर असतात का?”

मी नाक ओढलं. तोच म्हणाला, “रडू नकोस हं. ट्रकच्या आवाजात नीट ऐकू येत नाही, वाया जाईल.”

तसाच आहे तो. लहानपणीही मार खाल्ल्यावर विनोद करायचा.

म्हटलं, “घरी ये. मी देवळात सांगतो सगळं. सगळ्यांसमोर बोललो, सगळ्यांसमोर परत घेतो.”

“बघू. इथे ताओयुआनलाच एका गोदामात काम मिळालंय.” मग, “आणि दादा, तारखांचं आपलं जुनंच दुखणं आहे. ही काही पहिली वेळ नाही.”

“म्हणजे?”

“काही नाही. आईला सांग, पोहोचलोय.”

पुन्हा लावला, उचलला नाही.

पहिली वेळ नाही म्हणजे काय?

तिसरा महिना, नऊ

सकाळी स्याव आजोबांकडे गेलो, पौर्णिमेच्या पूजेला सगळ्यांसमोर बोलायची परवानगी मागितली. ऐकून घेतलं. म्हणाले, “गाढवा.” मग चहा ओतला. म्हणाले, “बोल. आणि तुमच्या घराची ओळ माझ्याकडे अर्धी आणू नकोस.”

तिसरा महिना, दहा

जुन्या फायली शोधत होतो. सगळ्या उघडतात आता. तळाशी आठ वर्षांपूर्वीचं पत्र मिळालं, मीच टंकलेलं, आ-बिंगला. ‘वडिलांची राख मिसळायचा दिवस काढला आहे. १०/६. सकाळी. न चुकता ये.’ एवढंच. तिथी की कागदी तारीख, ते लिहिलं नाही. तो कारखान्यात, भिंतीवर कागदी तारीख, म्हणून त्याच्या सोयीसाठी मी तेव्हा एकदाच कागदी तारीख लिहिली होती, ऑक्टोबरची सहा. आणि त्याने ती वाचताना माझा विचार केला. दादा तिथीच लिहिणार. पंचांग उघडून दहाव्या महिन्याच्या सहाला नवा सदरा घालून आला. अगदी वेळेवर.

आमची ओळ पूर्ण केली. उद्या पहिल्या गाडीने ताओयुआन. ओहोटी चुकेल. चुकू दे.